कोठार भरलं की

आटपाट नगर होतं. त्याचं नाव तार्वीने ठेवलेलं,
आमच्या मेलेल्या कुत्र्यावरून: मुरी.
तार्वी समुद्रापलीकडे गेला, हेलसिंकीला, बांधकामावर,
मागे राहिला त्याचा जुना कॉम्प्युटर
आणि त्यात अर्धवट सोडलेला खेळ.
फेरी एकशे बारा, राजा गैरहजर.

मी उघडला तो धूळ पुसताना.
डिसेंबरात आमच्याकडे साडेतीनलाच अंधारतं,
घरात काहीतरी उजेड असावा
म्हणून स्क्रीन चालू ठेवला.

खेळ असा: प्रत्येक डोकं दोन घास खातं.
उरलेलं कोठारात पडतं. कोठार भरलं
की टिंग वाजतं, आणि नगरात आणखी एक माणूस.
कुठून आला, कुणाचा, कुणी विचारत नाही.
दाखल्यावर मला शिक्का मारावा लागत नाही.

एकवीस वर्षं मी नगरपालिकेत नोंदणी बघते.
गेलेले डाव्या रकान्यात, आलेले उजव्या.
उजवा रकाना दर महिन्याला पट्टीने आखते.
आखलेला छान दिसतो.

म्हणून सुरुवातीला हावरटासारखी खेळले.
तळ्यावर कोळी, गव्हात माणसंच माणसं,
मुरी पाचाचं आठ झालं, आठाचं तेरा.
टिंग. टिंग.
आणि वरच्या कोपऱ्यातला पिवळा हसरा चेहरा
तांबडा झाला, ओठ उलटे.
माणूस वाढला की थोडं सुख वजा होतं म्हणे.
गर्दीचं दुःख!
मी एकटीच हसत सुटले स्वयंपाकघरात.

फोनवर तार्वी म्हणाला, "आई, इतकं पोसू नकोस.
शेतातली माणसं काढ, खाणीत घाल, वाढ रोख.
आधी मीठ शोध, द्राक्षं शोध,
एखादं नाट्यगृह बांध. मग वाढू दे."
त्याच्या मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता.
"जेवलास का?"
"कॅन्टीनमध्ये. बरं असतं."
दोन घास, मी मनात मांडले.

आमच्याकडे खाण होती, खरीखुरी.
तिच्या राखेचा डोंगर खिडकीतून अजून दिसतो,
बर्फ पडलं की पोरं त्यावरून घसरतात.
नाट्यगृहही होतं. तिथे हेल्दुर आता टायर ठेवतो.
खाण्याला तोटा नाही: तळघरात बटाटे, खारवलेल्या काकड्या,
शेजारची लाइने आंबट भोपळ्याच्या बरण्या
दारात ठेवून पळून जाते, नको म्हणायच्या आत.
कोठार भरलेलं आहे.
टिंग वाजत नाही.

जानेवारीत ताल्लिनने शाळेची पटसंख्या मागवली.
अकरा. मी आकडा लिहिला,
मग खाली, जागा नसताना, बारीक अक्षरात अकरा नावं:
काउर, मिर्टेल, टायरवाल्याची दोन जुळी,
ती तोतरी केर्तू, जी फक्त गाताना अडखळत नाही...
फॉर्म परत आला. नावांची आवश्यकता नाही.

त्या रात्री मुरीत माझ्या हातून चूक झाली.
नाट्यगृहाच्या घाईत शेतं रिकामी केली,
कोठार आटलं, तेराचे बारा झाले.
आवाजसुद्धा झाला नाही.
कोण गेलं ते शोधत बसले मी पहाटेपर्यंत.
त्या खेळात डावा रकानाच नाही.

तेव्हापासून मुरीला वाढवत नाही.
उतू नये, मातू नये. बारा डोकी, चोवीस घास,
कोठारात शून्य जमा, शून्य वजा.
नाट्यगृह उभं राहिलं. चेहरा हसतोय.
शेजारचा राजा तोफा जमवतोय,
दर चार फेऱ्यांनी निरोप धाडतो की मी भित्री आहे.
तार्वी म्हणतो, अशाने हरशील गं.

हरेन.
पण त्या बारांतल्या एकाला
मी तळ्यावरून उठवून कुठेच कामाला लावलेलं नाही,
बसू दे नाट्यगृहाच्या पायरीवर.
त्याला मी नाव दिलंय. कुणाला सांगणार नाही.
ऑफिसच्या वहीत फक्त टिपून ठेवलंय, उजव्या रकान्यात,
पेन्सिलीने,
तपासणी आलीच तर खोडता येईल असं.