फ्रिजचा उजेड

कायानी गावात तीनलाच अंधारतं.
आठवड्यातून पाच दिवस बर्फावर सराव,
आणि घरी आल्यावर विएनोचं एकच : भूक नाही.
इरमेली थर्मासात ब्लूबेरीचं गरम सार देते,
राईच्या पावावर लोण्याचा बोटभर थर.
डबा परत येतो
उंदरानं कडा कुरतडावी तसा.
प्रशिक्षक म्हणाले, पायात दम आहे पोरीच्या,
पोटात काय आहे ते तुम्ही बघा.
हे वाक्य इरमेलीनं तीन दिवस चघळलं.

काल रात्री साडेदहाला
फ्रिज सताड उघडा,
लोकरी मोज्यांत उभी विएनो
दुपारचे गार बटाटे
सालासकट खातेय,
मीठसुद्धा न शोधता.

इरमेली दारातच थबकली.
दिवा लावला नाही,
हाक मारली नाही.
मोजले मात्र. सात.

उद्या मोठं पातेलं काढायचं.