सनाय्यातलं तिसरं दुकान

पहिल्या दुकानात एसी. भिंतीवर चकाकते बार.
पोरगा म्हणाला, मफलर उघडतो, पोर्ट रुंद करतो,
तीस टक्के ताकद जास्त, लिहून देतो.
काय तोडता, ते विचारलं नाही.

दुसऱ्याने आधी किंमत सांगितली,
मग मशीनकडे बघितलं.

गुलरेझचं दुकान टायरवाल्याच्या मागे.
त्याने फिल्टर काढला, कागदावर आपटला:
वाळू, आणि काथ्यासारखा भुसा.
वास घेऊन म्हणाला, खजूर. किडलेला.
सोंड्या, मी म्हणालो.
शब्द त्याला कळला नसावा,
पण करंगळी हवेत पिळत
त्याने खोडात शिरणारा भुंगा दाखवला.

तोच तो. गुहागरात माडाच्या शेंड्यातून
बाबा वाकडी तार घालून ओढून काढायचे,
झाड वाचायचं कधीकधी.
इथे वाचवायचं काम दुसऱ्या कंपनीकडे आहे.

पोर्टला हात लावणार नाही, गुलरेझ म्हणाला.
अल ऐनच्या जुलैत जास्त ताकद म्हणजे
भाजलेला पिस्टन, आणि तू अर्ध्या कापावर
झुकत्या खोडाखाली.
त्यापेक्षा साखळीचे दात वेगळ्या कोनात घासतो,
जाळी बारीक बसवतो.

पंखा बंद केला. मशीन चालू केलं.
डोळे मिटून स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे,
नाकावरून घाम टपकत होता तरी.
आवाज सुटा झाला
तेव्हा स्क्रूवर पांढरा ठिपका दिला.
एकशे वीस दिरहम.

थंडीत परत आण, म्हणाला,
हवा बदलली की हा ठिपका खोटा.

आणतो, म्हटलं.
व्हिसा ऑक्टोबरात संपतो.