अकरा भाग

जपानी मालिका अकरा भागांत संपते.
कधी दहा, कधी नऊ, पण संपते.
आमच्या सेंटरमध्ये हे आधी सांगावं लागतं,
कारण इथे बाकी काहीच संपत नाही:
सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास,
चेंबूर नाक्याजवळ, ट्रस्टच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर
सहा खुर्च्या, सहा मशिनं,
आणि सुया लावून झाल्या की टॅब हातात घेऊन मी,
"आज काय बघणार?"

खोपकर हवालदार होते. त्यांना पोलिसांची लावू नये.
एकदा लावली, तर पंचनामा चुकला म्हणून
बीपी एकशे नव्वद.
मग डोंगरातल्या शाळेची दिली:
तीन मुलं, एक मास्तर, आणि शाळा बंद करायला आलेला साहेब.
सहाव्या भागात खोपकर साहेबाच्या बाजूने झाले.
"त्याचीही नोकरीच आहे," म्हणाले
आणि भिंतीकडे बघत राहिले.

झेबा बावीस वर्षांची. तिला प्रेम हवं.
मी बजावलं, इथे घाई नसते,
आठव्या भागात तो तिच्या छत्रीला हात लावतो,
तेवढ्यावर भागवायचं.
तिने भागवलं.

ठक्करभाईंना दिवसाला एक लिटर पाणी,
चहा, डाळ, गोळीचा घोट, सगळं त्यातच.
त्यांना मात्र नूडल्सवाल्याचीच मालिका हवी.
गिऱ्हाईक दोन्ही हातांनी वाडगं उचलतं,
रस्सा पितं, सावकाश, तळ दिसेपर्यंत,
आणि ठक्करभाईंचा कंठ खाली-वर होतो.
डॉक्टर म्हणतात, हे दाखवू नका.
मी दाखवते. डोळ्यांनी प्यायलेलं
वजनकाट्यावर येत नाही.

पागधरेंना खाली पळणारी इंग्रजी अक्षरं जमत नाहीत.
त्यांना मी तोंडी सांगायचे, बीपी घेता घेता:
"हा थोरला भाऊ. हा बोलत नाही. बोट गहाण आहे."
ट्रॉम्ब्याच्या जेट्टीवर जन्म गेलेला माणूस
पडद्यावरचं जाळं बघून म्हणाला,
"गाठ आमचीच हाय. मासा कुठला गो?"
मला काय माहीत. मी म्हटलं, बांगडा.
"बांगडा नाय तो."
पुढचा तासभर माझ्यावर विश्वास नव्हता.

नऊ भाग झाले.
दहाव्याच्या बुधवारी खुर्ची रिकामी.
शुक्रवारीही.
रिकाम्या खुर्चीबद्दल आमच्याकडे
कुणी मोठ्याने विचारत नाही.
ठक्करभाई म्हणाले, आज नूडल्स नको.

तेविसाव्या दिवशी फोन आला, त्यांच्या प्रमिलाबाईंचा.
"नजर लागंल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.
माझीच बसली त्यांना. चालतेय.
तुमची ती बोटीची पण संपवली, नातवाने वाचून दाखवली.
शेवट त्यांना पटला नाय.
आता मला एक सांग.
पण त्यात कुणी कुणासाठी काय करत असंल, तर नको.
आई नको, बायको नको,
थोरली बहीण तर नकोच नको.
माझं देऊन झालंय."

मी वही काढली. चार वर्षांची यादी.
पानामागून पान देणाऱ्या बायका,
कुणी दुकान देतेय, कुणी तारुण्य, कुणी नुसता डबा.
इतक्या असतील असं मोजलं नव्हतं कधी.
शेवटी एक सापडली, मीच अर्ध्यात टाकलेली:
एका लहान बंदरात, टपाल ऑफिसातली बाई
पन्नाशीला ट्रम्पेट घेते. वाईट वाजवते.
शेजारी खिडक्या लावून घेतात. ती वाजवते.
अकराव्या भागातही वाईटच वाजवते.

"मग?"
"मग काही नाही."
"कुणी आजारी?"
"कुणीच नाही."
फोनवर जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"हीच दे," त्या म्हणाल्या.
"नातू बोलवू का वाचायला?" मी विचारलं.
"कशाला? बाजा तर ऐकू येईल ना."