घेर, कडीसकट

मुंढव्याच्या पुलाअलीकडे, जुन्या पंपघराच्या मागं
दीड एकर.
नकाशात तिचं नाव : पूररेषेतील रिक्त क्षेत्र.
या रिक्त क्षेत्रात सकाळपासून मी
एकशे बारा झाडं मोजलीत.

टेप, ब्रश, पांढऱ्या रंगाचा डबा
आणि मोबाईल, ज्याला इथं रेंज नाही.

आधी वाळुंज. पाण्यातच उभे.
गेल्या श्रावणात नदी कुठवर चढली
ते त्यांच्या फांद्यांतल्या पिशव्या सांगतात,
दुधाच्या, गुटख्याच्या, एक चक्क लग्नाच्या आहेराची.
यादीत वाळुंज नाही.
मी ‘इतर’ दाबतो. तेवीस वेळा.

मग करंज, जांभूळ, एक वाकडा पांगारा,
वर रातबगळ्यांची वसाहत.
माझ्या टोपीवर त्यांची पोचपावती.

चिंगूबाई मल्लाव जाळं सोडवत बसलेली.
“मरळ होती, वाम होती. आता नुसती चिलापी,
तिलाबी वास.”
रंगाचा डबा बघून म्हणाली,
“नंबर टाकला की तोडत्यात ना रं?”
मी म्हणालो, मोजतात फक्त.
माझा मलाच आवाज पटला नाही.

एकशे तेरा : उंबर.
छातीच्या उंचीवर टेप फिरवली
तर मागच्या अंगाला काहीतरी आडवं आलं.
कडी. दाराची, लोखंडी,
अर्धी बाहेर, अर्धी सालीनं गिळलेली.

“एकसष्टची,” चिंगूबाई तिथूनच म्हणाली.
“पानशेत फुटलं तवा दार आलं वाहत,
हितं अडकलं. सासऱ्यानं फळ्या जाळल्या थंडीत.
कडी निघंना.”
कुणाचं दार?
“शनवारातलं असंल, न्हायतर नारायणातलं.
कोण विचाराया आलंच न्हाई.”

नदीवर जाताना ती कडी वाजवते. रोज. दोनदा.
का म्हणून विचारलं तर जाळ्यातली गाठ
दातानं तोडत म्हणाली,
“असलं कुणी, तर.”

घेर : तीन मीटर चाळीस. कडीसकट.
आरोग्य : चांगलं.
वारसा वृक्ष? होय.
पुरावा जोडा.

कडीचा फोटो काढला. पाठवला.
पडद्यावर गोल फिरत राहिला,
पिकली उंबरं पाण्यात पडत राहिली, डुबुक, डुबुक,
चिलापी येऊन नेत राहिल्या.

नंबर घालताना थोडा रंग कडीला लागला.
चिंगूबाईनं उठून तो पदरानं पुसला.
नंबर तसाच ठेवला,
पण बराच वेळ बघत होती त्याच्याकडं,
वाचता येत नसताना.