दोन थेंबांच्या मध्ये

मे महिन्यात अमळनेरला
माझ्या घरात राहण्यासारखी एकच खोली असते.
तिथे कूलर, कूलरपुढे ओलं पोतं,
पोत्यावर भरीत.

नाव ऐकून लोक हसतात. हसू द्या.
तेरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात,
आम्हा पोस्टातल्या लोकांची बोरीच्या काठाला पार्टी होती.
पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी भाजून झाली,
आणि राख निवता निवता तिच्या उबेला येऊन झोपलं
शेपटीचे केस करपलेलं एक पिल्लू.
मी कळण्याची पुरी टाकली.
त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी वाळूत पुरून ठेवली.
मला वाटलं, हा माणूस कामाचा आहे.

पेटी नंतर आली.
सुकलाल बडगुजरांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात
उधारीपोटी कुणी ठेवून गेलेली.
मधल्या सप्तकातला गंधार मुका.
चार हजार म्हणाले, अडीचला दिली,
वर म्हणाले, गुरुवारी सातला येत जा.
मागच्या खोलीत, तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्यांत,
ते तबला घेऊन बसतात, इब्राहीम पिंजारी बासरी घेऊन.
तिघांची मिळून एकही चीज
अजून शेवटाला नीट पोचलेली नाही.
चहा मात्र दर वेळी वेळेवर येतो.

भरीतला पेटी सोसायची नाही.
मी भाता उघडला की तो उठायचा,
अंग झटकायचा,
आणि माझ्याकडे न बघता जिन्याखाली जाऊन बसायचा.
शेजारच्या हिराबाई भिंतीवरून विचारायच्या,
"ओ माय, कोन रडी ऱ्हायनं? तुनी पेटी का तुनं कुत्रं?"
कुणीच नाही हो, शिकते आहे.

आता त्याच्या डोळ्यांत दोन औषधं.
डॉक्टर बाविस्करांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय :
आधी पहिलं. मग दहा मिनिटं थांबणे. मग दुसरं.
दिवसातून चार वेळा.
दुपारचं घालायला मी पोस्टातून सायकलवर येते,
शिक्क्याची शाई बोटांना तशीच.

ही दहा मिनिटं, तेवढाच माझा रियाज.
पण कूलरची ओल पेटीला बाधते, पितळी सूर हिरवे पडतात,
आणि कोरड्यात भरीत धापा टाकतो.
म्हणून पेटी स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांना टेकून.
तिथल्या झळीनं भात्याचं कातडं तडकलंय,
निम्मी हवा सुरात जाते, निम्मी बाहेर.
एक थेंब घालायचा, उठायचं,
घड्याळाकडे बघत भूप.
मुक्या गंधारापाशी आलं
की तेवढा सूर मी तोंडानं म्हणते.

परवा दुपारी लाईट गेली.
पहिला थेंब पडला होता. मी आरोह धरला,
आणि पायाला काहीतरी लागलं.
भरीत.
तापलेल्या फरशीवर, पेटीच्या मागे, हनुवटी टेकून.
तेरा वर्षांत पहिल्यांदा.
मला इतका आनंद झाला
की मी आरोह दोनदा घेतला, अवरोह विसरले.

मग शेल्फावरून पराताचं झाकण पडलं.
केवढा आवाज. हिराबाईंनी पलीकडून "काय व्हयनं?" विचारलं.
भरीतचा कान हलला नाही.
मी टाळी वाजवली. हाक मारली. पुन्हा मारली.
भात्याच्या फटीतली हवा
त्याच्या नाकावर येत होती
आणि तो डोळे मिटून ती खात होता.

मी पट्ट्यांवरचा हात काढून घेतला.
नुसता भाता हलवत राहिले.

दुसरा थेंब सात मिनिटं उशिरा पडला.
गंधार म्हणायचा राहिला.
पोस्टात जायला मला उशीर झाला, तो वेगळाच.