धुतले तांदूळ

लिहून घ्या साहेब. लुदिविना आबुएग.
वयाची जागा कोरी सोडा, मला नक्की ठाऊक नाही.
धंदा: धुणं.
हातांकडे काय बघता? सोळा वर्षं सोडा आणि साबण,
ज्योतिषीसुद्धा तळवा बघून पैसे परत करतो.

जहाज लागलं की आधी कुत्र्यांना कळतं,
मग बारमधल्या पोरींना, मग मला.
संध्याकाळी तळाच्या फाटकातून ओलोंगापोत उतरतात
पांढरेशुभ्र, घडी मोडू नये अशा बेतानं चालत;
पहाटे परततात तेव्हा घडी, तोल, एखाद्याचा दात,
काही ना काही गावात राहिलेलं असतं.
उरलेलं सगळं सकाळी माझ्या टबात.

मला कुणी काही सांगत नाही. कपडे सांगतात.
गुडघ्यांवर चिखल.
खांद्यावर लाली, आणि लालीशेजारी मिठाचा डाग.
रडली ती की तो,
एवढं मात्र कापडावरून कळत नाही.
एकाच्या खिशात रुमालात बांधलेलं अर्धं उकडलेलं अंडं
आणि चिठ्ठीवर कुणीतरी शिकवलेले आमचे शब्द, या क्रमानं:
धन्यवाद. सुंदर. केवढ्याला?

वाईट नव्हती हो सगळी पोरं.
मी धोबीण आहे, सगळ्यांना एका टबात घालत नाही.
डेल नावाचा एक ताडमाड पोरगा
माझा अडलेला हातपंप अर्ध्या दुपारात उघडून बसला,
ग्रीसनं कोपरापर्यंत काळा झाला,
पैसे घे म्हटलं तर लाजला.
त्याच रात्री तो पुलावर होता.

पूल तुम्हाला माहीत आहे.
खाली ते जे वाहतं, त्याला नदी म्हणताना
आम्हीसुद्धा नाक धरतो.
वरून हे नाणी फेकतात, खाली पोरं बुड्या मारतात.
चमकतंय तोवर धरायचं,
नाहीतर चिखलात हात, आणि चिखलात काय काय असतं.
वर टाळ्या. खोट्या नसतात त्या,
अगदी मनापासून.
तेच मला अजून पचत नाही.

त्या रात्री सुटे संपले. म्हणून बाटली.
तीही चमकतेच की.
निमेसियाचा पिद्योंग, नऊ वर्षांचा,
तोंड वर करून वाट बघत होता.

डावा डोळा.

चौकशी झाली. अंधार होता, पुलावर गर्दी होती,
बाटली निसटली असेल.
गुरुवारी जहाज सुटलं, पुढच्या महिन्यात कागद आला.
सगळे धुतल्या तांदळासारखे.

साहेब, तांदूळ मी रोज धुते.
पहिलं पाणी गढूळ. दुसरं दुधासारखं.
तिसऱ्यातही काहीतरी सुटतच राहतं.
तुमचा तो कागद कितव्या पाण्याचा?

डेलचे सात नग अजून माझ्याकडे आहेत,
नंबर एक्केचाळीस. पावती तो घेऊन गेला.
बुरशी धरली की काढते, पुन्हा धुते,
पुन्हा इस्त्री करून ठेवते.
का ते विचारू नका. तो पंप अजून चालतो.

हां, तक्रार.
खिशातले पैसे जातात म्हणे. जातात.
पुलावर जायच्या आधी हे नाक्यावर नोट मोडतात
आणि उरलेले सुटे दुसऱ्या रात्रीसाठी खिशात तसेच.
घड्याळ सापडलं, परत केलं.
नोटा वाळवून परत केल्या, एकीचा कोपरा फाटला होता
तो चिकटवून.
सुटे नाही दिले.
बरणीत टाकते. निमेसियाला देऊन पाहिले,
तिनं हात पुढे केला नाही.

लिहा: परवाच्या गठ्ठ्यात एकतीस.
चोरी म्हणा हवं तर.
मी एकतीस उड्या म्हणते.

सही येत नाही मला. आणा तो शाईचा पॅड.
अंगठा उठेलसं वाटत नाही, तरी
दाबून बघा.