पथारीवर

परत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी पथारीवर गेले.
पौष. नंदुरबारच्या बाहेर, दोंडाईच्या रस्त्याला,
नजर पोचेल तिथवर मिरची वाळत घातलेली
आणि नाकतोंड ओढणीनं बांधून
बाया उकिडव्या बसून देठ खुडताहेत.

"कोठे गयथी व माय, इतला दिन?"
झिपरीबाईनं वर न बघता विचारलं.

एव्होराला, म्हटलं. पोर्तुगालात. पोरगी शिकते तिथे.
तिनं ते नाव तोंडात एकदा घोळवलं
आणि देठासारखं बाजूला टाकलं.

मग मीच सांगत सुटले.
गावाला दगडी कोट आहे, आपल्या थाळनेरला होता तसा,
फक्त तापी नाही तो खायला.
मधोमध रोमनांच्या देवळाचे चौदा खांब,
वर छप्पर नाही, आत देव नाही,
कबुतरं मात्र आपलीच वाटावीत अशी निर्लज्ज.
आणि एका चर्चमध्ये एक खोली,
तिच्या भिंती माणसांच्या हाडांच्या.
कवट्या चिणल्यात, विटा चिणाव्या तशा, ओळीनं.

हात थांबले सगळ्यांचे.
"मंग बाहेर येईसन काय करं?"
जेवले, म्हटलं. भूक फार लागली होती.
हसल्या त्या, ठसका लागेपर्यंत.

जेवण म्हणजे काय, तर शिळा पाव.
लसूण, कोथिंबीर, जाडं मीठ खलात कुटायचं,
वर तेलाची धार, कढत पाणी,
त्यात पाव कुस्करून सोडायचा, वरून एक अंडं.
पहिला घास घेतला आणि मी घरी पोचले,
कळण्याची शिळी भाकरी कढत पाण्यात मोडून
सासूबाई ताटलीत वाढायच्या त्या ओट्यावर.
पोचले, पण अर्ध्या रस्त्यापर्यंतच.
काहीतरी नव्हतं.

पर्समध्ये पुडी होती. आपलीच, मागच्या सालची.
चिमूटभर टाकली.
खानावळीची म्हातारी, ग्रासिंदा तिचं नाव,
टेबलाशी येऊन उभी राहिली, बोट बुडवलं, चाटलं.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
आणि एप्रन तोंडाला लावून ती अशी हसली
की आतून तिचा नवरा धावत आला.
मी खूप वेळ हातवारे करत होते:
तुमचीच आहे हो ही.
तुमच्याच गलबतांतून आली.
आम्ही फक्त नाव ठेवलं, मिऱ्याच्या घरातली म्हणून.
तिला वाटलं, मी पाणी मागतेय.

तसं शब्दांनी फारसं अडलं नाही.
पहिल्याच रात्री खोलीच्या दाराशी
मालकाला काय म्हणावं सुचेना, तोंडातून निघालं, चावी.
त्यानं निमूट चावी दिली.
पोरगी म्हणाली, आई, तू कधी शिकलीस?

झिपरीबाई ऐकत होती, बोटं चालू होती.
मिरची तिकडनं आली हे तिला पटलं नसावं,
किंवा पटलं असावं आणि त्याचं तिला काही नसावं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मंग त्या लोकेस्नी काबर ठेयी नही सोताजोडे?"

मी उत्तर शोधत राहिले.
समुद्र, व्यापार, मिऱ्याचे भाव,
पोरीनं सांगितलेलं सगळं आठवून पाहिलं.
"झोंबनी व्हयी," तीच म्हणाली,
आणि पुढच्या ढिगाकडे सरकली.

संध्याकाळी पगार वाटला.
हाही शब्द त्यांचाच, जिभेवर आला होता सांगायला.
गिळला.
तिनं आणखी एखादा प्रश्न विचारला असता.

ओळीत शेवटी ती आली, नोटा घेतल्या,
मोजल्या, पुन्हा मोजल्या.
नोटा नव्या होत्या, एकमेकींना चिकटत होत्या,
तरी तिनं बोट जिभेला लावलं नाही.
इतक्या वर्षांत मी तिला
एकदाही लावताना पाहिलेलं नाही.